मोतीरामभाऊंचा लाल ठिपका

मोतीरामभाऊंचा जन्म गेला अचलपूरच्या एसटीत कंडक्टरकी करण्यात. आता राजापेठेतल्या वृद्धाश्रमात आले, तरी जेवणाच्या रांगेत "पुढं सरका, पुढं सरका" चालूच!

मुलगा ललित पुण्याला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "बाबा, गोळी घेतली? जेवलात?" एवढंच, पण त्या दोन वाक्यांसाठी भाऊ दुपारपासून फोनजवळ खुर्ची अडवून बसत.

मग आश्रमाचे व्यवस्थापक शेखर साहेब यांच्या अंगात आधुनिकता संचारली. सेविकांच्या हाती टॅब आले. त्यांतल्या सुंदराबाईंनी गोळी देऊन बटण दाबलं, की भाऊंच्या नावापुढं हिरवा ठिपका, आणि तोच ठिपका ललितच्या मोबाइलवर. उद्घाटनाला हारतुरे, पेढे, भाषण. "आता मुलांना फोन करून विचारायची गरजच नाही!" साहेब गरजले. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनीसुद्धा वाजवल्या, बिचाऱ्यांनी!

आणि खरंच, फोन बंद झाला.

"बाई, पोरगं काहून फोन करून नाही राहिलं?"

"भाऊ, तुमी रोज हिरवे दिसता ना त्याले!"

भाऊ पेटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्तदाबाची गोळी परत केली. ठिपका लाल झाला. ललितचा फोनही आला, पण साहेबांना! साहेब तरातरा आले. "भाऊ, आश्रमाचा हिरव्या ठिपक्यांचा आकडा खाली आला तुमच्यामुळं!" भाऊंना चक्कर येत होती, ती कोणी विचारली नाही, तिच्यासाठी टॅबमध्ये बटण नव्हतं.

भाऊ ऐकतात काय! गोळी बंद म्हणजे बंद.

"भाऊ, जिवाशी खेळू नका," सुंदराबाई रडकुंडीला आल्या.

"जीव ठेवून बोलू कोनासंग?"

रविवारी ललित स्वतः आला. बापाच्या पाया पडला, शेजारी बसला आणि मोबाइल काढला. "बाबा, आधी गोळी घ्या. हिरवं झालं की निघतो, पुण्याची गाडी आहे."

भाऊंनी मुकाट गोळी गिळली. सुंदराबाईंचं बोट बटणाकडे गेलं, तसा भाऊंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"अजून लालच कसं?" ललित मोबाइल हलवत म्हणाला.

"नेट गेलं असन," सुंदराबाईंनी टॅब पदराखाली घेतला.

"बाई, त्याले ताट वाढ," भाऊ हळूच म्हणाले. "पोरगं जेवेपर्यंत हिरवं नको करू."