बंदूकमामांची शेगडी

कोणतीही वस्तू हातात आली की बंदूकमामा आधी तिच्यावर टिचकी मारत. टण्ण वाजली की माणूस खूश. माझे प्लॅस्टिकचे डबे पहिल्याच भेटीत नापास झाले. "सूनबाई, ह्यात चिवडा ठेवू नका, मऊ पडेल." अहो, चिवडा कुरकुरीत राहायचा तो त्याच डब्यात! पण ऐकतील तर शपथ.

मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त होऊन भोपाळच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागले. पहारेकऱ्यांच्या बंदुका सांभाळणं हे त्यांचं काम. इंद्रपुरीत आमच्या शेजारी एकटेच राहत. मामी कधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. होत्या त्या बंदुका. खंडेनवमीला कारखान्याच्या शस्त्रागारात त्या ओळीनं मांडून पूजा करायचे आणि घरी येऊन गल्लीभर पेढे वाटायचे.

मग नव्या बंदुका आल्या. नळी लोखंडाची, पण दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा. मामांनी टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "खेळण्यातली वाटते हो. हातात वजन असलं म्हणजे माणूस विचार करून चालवतो." पहाऱ्यावरची पोरं चिडवायची, "मामाजी, हल्की है, पकड़ के तो देखो!" हलकी होती, जुन्यांच्या लाकडासारखा दस्ता पाण्यानं फुगत नव्हता. मामांनाही ते कळत होतं, म्हणून तर जास्त चिडायचे.

तरी त्या खंडेनवमीला त्यांनी नव्या बंदुकांनाही गंध लावलं. "घरात आल्यात, तर आपल्याच," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं!

थंडीत एकदा अवकाळी पावसात बंदुका भिजून आल्या. मामांनी जन्मभर केलं तेच केलं. रिकाम्या करून पुसल्या आणि कोळशाच्या शेगडीजवळ उभ्या केल्या. जुन्या छान सुकल्या. एका नवीचा दस्ता मऊ होऊन वाकला.

सुरक्षा विभागाचा साहेब ओरडलासुद्धा नाही. "मामाजी, अब आप आराम कीजिए," म्हणाला आणि शस्त्रागाराच्या चाव्या मागून घेतल्या. मेला ओरडला असता तर बरं झालं असतं. मामा घरी येऊन मला एकच सांगत राहिले, "ऊबच दिली हो तिला, सूनबाई. दुसरं काय केलं मी?"

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी ओट्यावर बसलेले दिसले. मी चहा नेऊन दिला.

"आता ड्यूटी कुठं, मामा?"

"बगीच्यात. झाडांना पाणी घालायचं." कप त्यांनी तसाच हातात धरला होता. "पाइप दिलाय लांबलचक. प्लॅस्टिकचा."

मी हसले. मग पाहिलं, तर मामा रडत होते.