वाडग्याखालचं भूछत्र

खुरपीमावशीने माझ्या बापाचं मनगट मोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि पुढे कितीतरी दिवस तिला कसं ठेचायचं याचे बेत करण्यात माझा वेळ मजेत जाई. मुलींच्या वसतिगृहात ती माळीण, बाप तिथलाच आचारी. बोलतानाही ती खुरपी नाचवायची आणि कुणावरही उगारायची. माझ्या पोटरीवर तिची एक खूण अजून आहे. गुलाबाच्या वाफ्यात माझा चेंडू गेला, एवढाच माझा गुन्हा.

वाफ्यांत ओल टिकावी म्हणून ती फांद्यांचा चुरा वीतभर पसरायची. त्यातून काय काय उगवायचं! कुत्र्याने ओकल्यासारखा पिवळा गोळा, बारीक अंडी भरलेली नखाएवढी घरटी, सडक्या मांसाचा वास मारणारं लाल बोट. मुली किंचाळत पळायच्या आणि मावशी गुडघे टेकून वास घ्यायची. अक्षरशत्रू बाई, पण भूछत्रं ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रीत ठरलेली. टोपी कापून अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाडगं झाकायचं, आणि दुसऱ्या सकाळी खाली झडलेल्या भुकटीचा रंग पाहायचा. "रंग पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खायलाही नाही आणि बोलायलाही नाही," हा तिचा कायदा.

एकदा वाफ्यात ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. त्या दिवशी भाजीवाला आला नव्हता आणि साठ मुलींचं जेवण व्हायचं होतं. मावशीने सकाळी एक टोपी वाडग्याखाली ठेवली, पण बाप दर तासाला तिच्या डोक्याशी.

"अहो बाई, तुमच्या भुकटीची वाट बघत पोरी म्हाताऱ्या होतील!"

दुपारी ती वैतागली. मी तिथेच होते. तिने वाडगं उचललं, टोपी सरकवली. काळ्या भागावर फिकट धूळ पडली होती.

"पांढरीच आहे. न्या सगळ्या आणि माझं डोकं सोडा!" असं म्हणून तिने टोपी परत झाकली.

संध्याकाळी मुली ताटं घेऊन बसल्या आणि स्वयंपाकघराचं दार लाथेने उघडलं. मावशीच्या हातात फावडं होतं.

"वाढू नका! ओता ते सगळं!"

बाप हसला आणि पातेल्यापुढे उभा राहिला. तिने त्याला ढकलून पातेल्यालाच लाथ घातली. उकळता रस्सा तिच्या पायांवर सांडला, तरी ती थांबेना, दुसऱ्या पातेल्याकडे वळली. बापाने झारा हाणला. तिचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं. तिने फावड्याचा दांडा फिरवला आणि बापाचं मनगट सुकी काटकी मोडावी तसं वाजलं. दुसरंही पातेलं आडवं झालं. मग तिने कमरेला खोचलेला वाडग्याखालचा कागद काढून बापाच्या तोंडावर फेकला. भुकटी आता दाट पडली होती, आणि ती हिरवी होती.

"विष आहे, विष!"

बापाने चव बघताना वाटीभर खाल्लं होतं. दोन तासांत तो मोरीत पडून ओकत होता, आणि एका हाताने त्याला धड उठताही येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अधीक्षिकाबाईंनी ऑफिसात विचारलं, "कुणाला विचारून तोडलीत?"

"कुणालाच नाही," बाप म्हणाला.

मावशी पट्ट्या बांधलेल्या पायांकडे बघत राहिली. मी ओरडले, "खोटं! हिनेच सांगितलं..."

बापाने डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. त्याने मला त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "त्या संध्याकाळी ती गप्प बसली असती तर नाव माझंच झालं असतं, आणि साठ पोरी आडव्या झाल्या असत्या. धावत आली ना ती?"

त्याची नोकरी गेली. मावशीची राहिली.

बाप घरूनच जेवणाचे डबे करू लागला. पहिल्याच सकाळी मावशी लंगडत दारात हजर. मी हाती लागलं ते उलथणं फेकलं. तिच्या खांद्यावर लागलं, पण ती हलली नाही.

"अजून असेल तर तेही मार. मग पीठ कुठंय ते दाखव."

मनगट वाकडंच जुळलं, बापाच्या हाताने पीठ मळलं जाईना. नऊ वर्षं रोज कामावर जाण्याआधी येऊन ती मळत राहिली. दोघं एकमेकांना शिव्या घालायचे आणि मी दोघांवर धुमसायचे.

शेवटी एकदा मी विचारलंच, "ऑफिसात तोंड का नाही उघडलंस?"

तिचे हात थांबले. "भ्याले गं," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी तिने अधीक्षिकाबाईंना सगळं सांगितलं. दुपारपर्यंत तिला काढून टाकलं, आणि संध्याकाळी ते बापाच्या कानावर आलं. दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या वेळी दारात आली तेव्हा बाप डावा हात उगारून तिच्या अंगावर धावला.

"मूर्ख बाई! पोरीला मारलं होतं मी! आयुष्यात एकदाच मारलं, ते तुझ्यासाठी! तेही वाया घालवलंस!"

मावशीने गाल पुढे केला. बापाचा हात तसाच खाली आला, आणि तो माझ्याकडे बघून रडायला लागला.