शंभर टोले, पाय न हलवता

क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये दोन वर्षं काढली की माणसाकडं दोन गोष्टी साठतात, बेडका आणि किस्से! बेडका सिस्टर रोज सकाळी घेऊन जायची. किस्से मात्र माझ्याकडंच राहिले. सांगायला गेलो की लोक अजूनही चार हात लांब बसतात, बसोत बापडे.

लढाईची वर्षं होती. पाचगणीला आमच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात टेबल टेनिसचं एक टेबल होतं. मी साताऱ्याच्या कचेरीतला कारकून. आमचा कोच म्हणजे कडेगावचा सखाराम हवालदार, आफ्रिकेतनं पदक आणि खोकला घेऊन आलेला. मला तो चेष्टेनं रावसाहेब म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना बजावलं, "पळायचं न्हाई. पळाला त्यो मेला!" डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं, फक्त ते इंग्रजीत सांगायचे.

म्हणून प्रॅक्टिस अशी, की एका जागी उभं राहायचं, नुसतं मनगट चालवायचं आणि चेंडू समोरच्याच्या बॅटवर अचूक द्यायचा. आठवडाभर फोरहँड, आठवडाभर बॅकहँड. समोरच्याला पाऊलभर जरी हलवलंत तरी हवालदाराच्या शिव्या!

* * *

मेट्रनबाईंना जंतूंची भारी धास्ती. लढाईमुळं चेंडू मिळत नव्हते, होता तो एकच. बाईंनी तो एक दिवस सिरिंजांबरोबर उकळायला टाकला. बाहेर आला तो वांग्यासारखा वेडावाकडा! मी तर रडायच्या बेताला आलो.

हवालदारानं तो फिरवून फिरवून पाहिला. "लय झाक! आता तरी डोळं चेंडूवर ऱ्हातील."

महिनाभर आम्ही त्या वांग्यानं खेळलो. नजर बसली, हे मात्र खरं.

* * *

नेम धरायला टेबलावर पोस्टकार्ड ठेवायचो. ज्याला पत्र येईल त्यानं द्यायचं. पत्रं तरी कुठं येत होती! एकदा हवालदाराला आलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"घरी सगळं ठीक?" मी विचारलं.

"सासऱ्याचं हाय. बायकूला परत धाडत न्हाई म्हनतोय. ठेवा टेबलावर, आज नेम लय चांगला बसंल!"

त्या दिवशी त्याचा एकही चेंडू चुकला नाही. आम्ही कुणी हसलो नाही.

* * *

एकदा डॉक्टरांनी गावातल्या एका शाळेच्या शिक्षकांशी मॅच ठरवली. तिघं आले, नाकाला रुमाल लावून. चहाला नको म्हणाले. अस्सा संताप आला! म्हटलं, यांना दाखवूच.

आणि तिन्ही सामने हरलो. जिंकणार कसं? हात आपोआप चेंडू त्यांच्या बॅटवर नेऊन ठेवायचा!

जाताना एक शिक्षक म्हणाले, "इतके सज्जन खेळाडू पाहिले नाहीत."

हवालदार म्हणाला, "सज्जन कुटलं, सायेब! समोरचा पळाला तर मरंल, ह्ये हाताला ठावं हाय."

* * *

आता अण्णाचं सांगतो. नेमगोंडा अण्णा, सांगलीकडचा जैन शेतकरी, माझ्या शेजारच्या खाटेवर. तो इकडं आला आणि तिकडं त्याला मुलगी झाली. दीड वर्षाची झाली तरी त्यानं तिला पाहिलं नव्हतं. लहान मुलांना सॅनिटोरियमात बंदी होती.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "सलग शंभर टोले, न खोकता, नाडी ताब्यात ठेवून खेळलास तर घरी सोडतो." अण्णा दोनदा नापास झाला. आता चुकला तर सहा महिने घरचं नाव काढायचं नाही.

"मला न्हाई जमायचं ओ, हवालदार."

"गप रं! मी हाय की समोर."

परीक्षेला डॉक्टर घड्याळ घेऊन उभे राहिले. हवालदार मोठ्यानं मोजत खेळत होता. बासष्टला त्याचं मोजणं एकदम थांबलं. मला वाटलं, चिडला. पुढं मी मोजायला लागलो. चेंडू मात्र अण्णाच्या बॅटवर तसाच, तिथंच येत राहिला. ऐंशी. नव्वद. शंभर!

डॉक्टरांनी अण्णाची नाडी पाहिली आणि म्हणाले, "जा घरी." अण्णा मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.

हवालदारानं बॅट टेबलावर ठेवली, चालत मोरीपर्यंत गेला आणि वाकला. मी मागोमाग गेलो. मोरी लाल झाली होती.

मी ओरडलो, "अरे, सांगायचं नाही का? तिथंच थांबवला असता ना खेळ!"

त्यानं चूळ भरली, मिशा पुसल्या.

"सांगनार कसं, रावसाहेब? तोंड भरल्यालं व्हतं!"