भोक सेंटरला नाही

दिवसभर मी जे भंगारात टाकतो, तेच संध्याकाळी घरी आणून जिवापाड जपतो. हे मत माझ्या आईचं, आणि दुर्दैवानं ते शंभर टक्के खरं आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पत्र्याचे पार्ट, मोठमोठी प्रेस मशिनं. नवी डाय, म्हणजे साचा, चढवली की पहिले चार-दोन पीस कधीच धड निघत नाहीत. कुठं कड फाटते, कुठं भोक सरकतं. त्यांना आम्ही सेटिंग पीस म्हणतो. दोष असेल तिथं लाल रंगाचा फटका मारायचा आणि पीस लाल पेटीत टाकायचा. चुकून चांगल्या मालात मिसळला तर माझीच पूजा बांधली जाते. आणि हाच मी कासारवाडीला घरी आलो की ऑल्टरनेटिव्ह मेटल या दणदणाटी संगीताच्या ग्रामोफोन तबकड्या जमवतो, त्याही फर्स्ट प्रेसिंगच्या. म्हणजे एखादा अल्बम साच्यातून पहिल्यांदा निघाला, त्या पहिल्याच खेपेतल्या. नंतरच्या खेपा कितीही सुबक असोत, आम्हा वेड्यांना त्यांचं सोयरसुतक नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेसवर डाय बसवणारे सेटर होते. साताऱ्याकडून आले ते थेट मशिनवर, आणि रिटायर झाले तरी कान अजून मशिनवरच आहेत. मी घरात पहिल्यांदा मेटल लावलं तेव्हा पेपर खाली ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय."

"अण्णा, गाणं आहे ते."

थोडा वेळ त्यांनी नीट ऐकलं. "आसंल. पन बेअरिंग गेलंय."

तेव्हा मला भयंकर राग आला होता. आता कबूल करतो, त्या गाण्याचं काहीतरी नक्कीच गेलेलं होतं.

एका तबकडीच्या मागे मी दोन वर्षं लागलो होतो. शेवटी हिंजवडीत काम करणाऱ्या एका मित्रानं परदेशातून येताना ती आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. आता सांगवीला एक काका राहतात, निवृत्त प्राध्यापक. आमच्या या वेड्यांच्या गावचे पाटील तेच. कुठली तबकडी अस्सल, कुठली नंतरची, हा निवाडा त्यांचा. याच अल्बमची पहिल्या खेपेतली एक प्रत त्यांच्याकडे होती आणि अख्ख्या पिंपरी-चिंचवडात तेवढी एकच, असा त्यांचा दावा होता. मी फोन केला तर म्हणाले, "फर्स्ट प्रेसिंग? तुझ्याकडे? काहीतरीच काय!" तरी रविवारी स्वतः येऊन बघायला कबूल झाले.

माझ्याकडे पुरावा होता. गाणं संपतं आणि मधला कागद सुरू होतो, त्या दोहोंच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर हातानं कोरलेला नंबर. नंतरच्या खेपांवर तो यंत्रानं छापलेला असतो. तो नंबर दाखवायचा आणि काकांचा चेहरा बघायचा, आयुष्याकडून माझी एवढीच मागणी उरली होती.

शनिवारी ओव्हरटाइमला निघताना मी अण्णांना बजावलं, "या तबकडीला हात लावू नका. फर्स्ट प्रेसिंग आहे." इथंच माती खाल्ली. प्रेसवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगायचं असतं का?

संध्याकाळी आलो तर तबकडी टीव्हीसमोर पेपरवर ठेवलेली. वाळत. चक्क वाळत! दोन्ही बाजूंना मधल्या कागदालगत लालभडक रंगाचे फटके, बरोब्बर त्या नंबरावर. शेजारी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी: 'रिजेक्ट. ओरखडे, दोन्ही बाजू. भोक सेंटरला नाही, पॉइंट सहा मि.मी. बाहेर. पार्टीला परत पाठवणे.' खाली सही.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत!" मी असा ओरडलो की आई हातात लाटणं घेऊनच बाहेर आली.

"सेटिंग पीस गळ्यात मारलाय तुज्या," अण्णा शांतपणे म्हणाले. "तूच म्हनलास न्हवं, पयल्या प्रेसिंगचा हाय म्हनून? क्वालिटीला हायस आन् पयला पीस घेऊन आलास व्हय? चांगल्या मालात मिसळू नये म्हनून रंग लावला. व्हर्नियर लावून माप घेतलं, भोक बी सरकलंय."

"अहो, तो हाताचा नंबर हाच पुरावा होता!"

"खिळ्यानं नंबर कुनीबी टाकंल. त्यो काय पुरावा हाय व्हय?"

रंग काढायला थिनर लावावा तर तबकडीच जायची. मग मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला काही कळत नाही, असंही बोललो. व्हर्नियर कसा धरायचा हे मला ज्यांनी शिकवलं, त्यांना. अण्णांनी जेवताना भाजी परत घेतली नाही आणि मीही घेतली नाही. आई माझ्या तबकड्यांना काळ्या थाळ्या म्हणते. ती म्हणाली, "एका काळ्या थाळीपायी घरातल्या दोन थाळ्या अर्ध्याच राहिल्या."

रविवारी काका आले. तबकडी अजून पोचलीच नाही, अशी थाप मी तयार ठेवली होती. पण अण्णांनीच ती आतून आणून त्यांच्यापुढं ठेवली, चिठ्ठीसकट. "पोराची चूक न्हाई. नंबर माज्या रंगाखाली गेलाय."

काकांनी भिंग काढलं. लाल रंग पाहून त्यांना झालेला आनंद त्यांनी दुःख म्हणून दाखवायचा फार प्रयत्न केला. "अरेरे! आता पुरावाच नाही म्हटल्यावर मी तरी काय बोलणार?" मग सहज म्हणून त्यांनी चिठ्ठी उचलली. वाचली. परत वाचली. "हे पॉइंट सहा कुणी मोजलं?"

"मी. तीनदा मोजलं."

काका खुर्चीत मागे टेकले. या अल्बमच्या पहिल्या खेपेत भोक सरकलेलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर साचा दुरुस्त केला आणि पुढच्या सगळ्या खेपा बिनचूक निघाल्या. ही गोष्ट काकांनीच आम्हाला दहादा ऐकवली होती. पण भोक मोजून बघावं एवढी अक्कल आमच्यात एकालाही नव्हती.

"फर्स्ट प्रेसिंग आहे," दाढ उपटून घेतल्यासारखं तोंड करून काका म्हणाले.

"मग मी काय येगळं म्हनलो?" अण्णा म्हणाले. "सेटिंग पीसच हाय."

मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती. काकांच्या देखतच म्हणालो, "चुकलो, अण्णा." ते म्हणाले, "आसू दे. पर नगाला नग मोजून घेत जा."

दाराशी चप्पल घालता घालता काका घुटमळले. त्यांच्या प्रतीवर हाताचा नंबर होता, पण भोक त्यांनीही कधी मोजलं नव्हतं. "एकदा येता का सांगवीला? व्हर्नियर घेऊन?"

पुढच्या रविवारी मी अण्णांना स्कूटरवरून सोडलं आणि दोन तासांनी घ्यायला गेलो. काका दारापर्यंत पोचवायला आले, खुशीत हात हलवत होते. अण्णांचं तोंड मात्र एवढंसं झालेलं. पिंपळे गुरवच्या सिग्नलला थांबल्यावर मी मागं वळून विचारलं,

"काय झालं, अण्णा?"

"लई वाईट वाटलं रं. एवढा जीव लावलाय मानसानं. नंबर हाय हातानं टाकल्याला, पन भोक एकदम सेंटरला. पीस ओके हाय बिचाऱ्याचा."

मी स्कूटर बाजूला घेतली. "मग त्यांना काय सांगितलंत?"

तीस वर्षांत ज्या माणसानं एकही माप खोटं लिहिलं नाही, त्यानं खिशातला व्हर्नियर उगाच चाचपला.

"काय सांगनार? रिजेक्ट म्हनून चिठ्ठी दिली. प्वाहे केलते रं त्यानं."