जिनलचं इटालियन

कामरगावात नथमलजींच्या किराणा दुकानामागे त्यांचं घर. त्या घरात गेल्या वर्षी इटालियन सुरू झालं. थोरली मुलगी जिनल बी.एस्सी. झालेली, तिचं लग्न ठरलं होतं मिलानला नोकरी करणाऱ्या अर्हमशी. त्याची अट एकच होती, लग्नाआधी भाषा यायला हवी.

नियमाने चालणारी क्रियापदं जिनलला लवकर आली. बाकीची छळायची. ‘जाणे’चं ‘वादो, वाई, वा’ तोंडात बसेपर्यंत ‘आम्ही जातो’ला एकदम ‘आंदियामो’! मराठीतही ‘जा’चं ‘गेला’ होतंच की, पण ते कधी कुणी घोकून घेतलं नव्हतं. मिरच्यांचे देठ काढता काढता ती पुटपुटत राहायची.

अर्हम रविवारी व्हिडिओ कॉलवर परीक्षा घ्यायचा. चुकली की फोन बंद. एकदा तर त्याने तिला शाळेतल्यासारखं उभं राहून म्हणायला लावलं. मागून आई तारामती विनवत होती, ‘‘म्हण ना बेटा, येते तुले.’’

असंच एकदा ‘येणे’ चाललं होतं. त्याच्या खोलीत एक बाई ओले केस पुसत आली आणि ही कोण, असं तिने इटालियनमध्ये विचारलं. अर्हमही इटालियनमध्येच भरभर म्हणाला, ‘‘घरकामाला येतेय. स्वयंपाक करते, गप्प राहते.’’

येणे, करणे, राहणे. तिन्ही अनियमित. तिन्ही जिनलला पाठ होती.

‘‘नॉन वेनो,’’ ती घाईत म्हणाली. मी येत नाही.

अर्हम हसला. ‘‘वेनो नाही, वेंगो. अजून कच्चीच आहेस.’’ ती बाईही हसली.

‘‘नॉन वेंगो,’’ जिनल म्हणाली, आणि या वेळी फोन तिने बंद केला.

‘‘तुले भाषा येते तरी कितीक? चुकीचं समजलं असन,’’ सगळं ऐकून नथमलजी ओरडले.

तारामतीचा लेकीवर विश्वास होता. ती म्हणाली, ‘‘समजलं तरी न समजल्यासारखं करायचं होतं. पत्रिका वाटून झाल्या.’’

अर्हमच्या घरच्यांनी लग्न मोडलं आणि मुलीला झटके येतात असं समाजात पसरवलं. नथमलजींनी ते खोडून काढलं नाही. आजारी मुलीची लोक कीव करतात. होणाऱ्या नवऱ्याला उलट बोलणाऱ्या मुलीच्या धाकट्या बहिणीला मात्र कुणी करून घेत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मग रिसोडचा एक बिजवर पाहायला आला. त्याने नथमलजींनाच विचारलं, ‘‘झटके किती वेळा येतात?’’

‘‘मले झटके येतच नाहीत,’’ जिनल म्हणाली.

नथमलजींनी चिवड्याची प्लेट पाहुण्यापुढे सरकवली. ‘‘औषधानं आता कमी झाले.’’

लग्न झटपट उरकलं. आता रिसोडला रोज जेवणानंतर नवरा समोर बसून तिला गोळी गिळायला लावतो. मग जीभ उचलून दाखवावी लागते.