काकांच्या अंगणातली काळी माती

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या बाहेर रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याचे खोदकाम सुरू झाले आणि त्यातून निघालेली माती आमच्या कॉलनीमागच्या तलावाच्या काठावर टाकायचे ठरले. डंपर आमच्याच गल्लीतून जात. दोन महिन्यांनी माती टाकणे बंद झाले. मधल्या काळात आमच्या शेजारचे अंगण सुमारे दोन फूट वर आले. ते काकांचे होते.

वडिलांनी आणि काकांनी धरणगावहून येऊन शेजारी शेजारी प्लॉट घेतले होते. दोन्ही सखल होते. पावसाळ्यात गल्लीचे पाणी दोन्ही अंगणांत उतरायचे आणि सारखेच साचायचे. त्यावरून कधी कुरबूर झाल्याचे मला आठवत नाही.

डंपर सुरू झाल्यावर काका दुपारी ओट्यावर बसू लागले. डंपर वळणावर दिसला की हात करायचे, ड्रायव्हरला ताक द्यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिला डंपर त्यांच्याकडे रिकामा झाला. ती खोदकामाची वरची, काळी माती होती. गावाकडे अशा मातीत केळी लावतात. पुढे गल्लीतल्या इतर घरांनीही हात करायला सुरुवात केली. त्यांच्या वाट्याला खालचा पिवळा मुरूम आला.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, हात केला नाही. "रस्त्यावर उभं राहून मागणं मला जमणार नाही," असे ते म्हणाले. मात्र त्यांनी आपली खाट खिडकीकडे सरकवली. डंपरचा मागचा भाग उचलल्याचा आवाज आला की ते वाचन थांबवत. आई दार लोटून घ्यायची.

"त्यासनं घर वर जाई राह्यनं, आपलं खालेच शे," ती घरच्या अहिराणीत म्हणाली.

आबा म्हणाले, "त्याला लहानपणापासून ही सवय. ताटातलं चांगलं आधी उचलायचं."

मलाही काकांचा हेवा वाटत होता. त्यांच्या ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी दोन मातीखाली गेल्या होत्या. कामावरून येताना मी आधी तिकडे बघायचो, मग आमच्या फाटकाकडे.

मे महिन्यात कामाचा पर्यावरणीय आढावा घेणारी समिती आली. शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. मी वर्तमानपत्रात आहे, पण घरचे लोक त्यात असल्याने बातमी सहकाऱ्याने दिली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. धूळ, रस्त्यावर सांडणारा चिखल, तलावाकाठचा बुजत चाललेला लव्हाळा यांवर लोक बोलले. मग आबा उठले.

"तुमची हरकत रस्त्याबद्दल आहे की तलावाबद्दल?" समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारले.

"दोन्हीबद्दल. माती तलावावर जाते असं तुम्हाला सांगितलंय. तिच्यातली बरीच आमच्या गल्लीतच पडते. लोकांच्या दारात."

मागून काका बोलले, "भाऊ, मंग एखादा डंपर तुमनाकडे टाकाले सांगू का?"

हॉल हसला. आबा हसले नाहीत. वळून म्हणाले, "दोन महिना व्हयनात. माले कोणी इचारं नही."

बाईंनी पुढचे नाव पुकारले.

दुसऱ्या दिवशी समिती गल्लीतून पायी तलावापर्यंत गेली. गल्लीचे पाणी तलावात नेणारी नाली मातीने बुजली होती. काठावरच्या पाणथळ जागेचा एक पट्टा भरून गेला होता. महिनाअखेरीस आदेश आला: तलावाकाठी माती टाकायची नाही, वस्तीच्या रस्त्यांवरून डंपर न्यायचे नाहीत, सगळी माती पहूर रस्त्याकडच्या जुन्या खदानीत टाकायची. नालीचे तोंड मोकळे करायचे. अंगणांत आधीच पडलेल्या मातीबद्दल आदेशात काही नव्हते.

नाली मोकळी झाली. ती आमच्या अंगणापेक्षा उंच आहे.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी आबा मला न सांगता बाहेर पडले. मोठ्या रस्त्यावर, खदानीकडे जाणारे डंपर वळतात तिथे, ते मला उभे दिसले. मी गाडी थांबवली तेव्हा त्यांनी एका डंपरला हात केला होता आणि तो थांबलाही होता. ड्रायव्हर खाली उतरला नाही.

"बाबा, आता जमत नाही. खदानीत खाली करताना फोटो काढावा लागतो."

"अर्धा टाक."

"अर्ध्याचा पण फोटो असतो, बाबा."

आबा माझ्यामागे गाडीवर बसले. काका ओट्यावर होते. त्यांनी विचारले, "भाऊ, कोठे गयथात?" आबा म्हणाले, "फिराले."

त्या पावसाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत दोनदा पाणी शिरले. काकांकडे एकदाही शिरले नाही.