सूजिनच्या आईचा घास

मी निघाले त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर रांगेत माझ्यापुढच्या मुलीची बॅग उघडली होती. काय नव्हतं आत! सांडगे, मेतकूट, चिकटपट्टीनं गुंडाळलेली लोणच्याची बरणी. तिची आई एकीकडे रडत होती आणि दुसरीकडे वजनावरून काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालत होती. माझी आई शेजारी पर्स छातीशी धरून उभी. "मार्कशीटच्या झेरॉक्स वेगळ्या ठेवल्यास ना?" एवढंच विचारलं तिनं.

आई शाळेत विज्ञान शिकवायची, सकाळ-संध्याकाळ घरी शिकवण्या घ्यायची. आमच्याकडे स्वयंपाक व्हायचा तो पोट भरण्यापुरता. "चुलीपाशी जन्म घालवू नको पोरी," हे तिचं नेहमीचं. माझ्या बॅगेत पुस्तकं होती.

ही २००५ च्या आसपासची गोष्ट. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेला पीएच.डी. करणारे आम्ही चार-पाच मराठी लोक होतो. कुणी पुण्याहून परतलं की आम्ही त्याच्याकडे जमायचो, डबे उघडायचे, आणि "आईच्या हातचं आहे हं" असं म्हणत जो तो वाढायचा. मी खायचे, वा वा म्हणायचे आणि मनातून जळायचे. रात्री फीत्सवरून, म्हणजे तिकडच्या सायकलवरून, उलट्या वाऱ्यात घरी येताना तर फार राग यायचा. माझ्या आईनं कधी साधी चटणी पाठवली नाही. मला लांब पाठवून ती मोकळी झाली असंच वाटायचं. हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

माझ्या घरात शेजारच्या खोलीत सूजिन राहायची, कोरियाची. आमचं स्वयंपाकघर एकच. पुढच्या वर्षी दोघींचेही पेपर सोलच्या कॉन्फरन्सला लागले. तिची आई तिथल्या जुन्या बाजारात किमची, म्हणजे कोबीचं तिखट आंबवलेलं लोणचं, विकते हे ठाऊक होतं. पाहिलं मात्र, आणि माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

अहो, काय तो बाजार! मूग भिजवून जात्यावर वाटत होते आणि त्याची जाड धिरडी भरपूर तेलात तळत होते, अगदी आपली. सुक्या मासळीच्या गल्लीत नागपूरच्या बुधवार बाजाराचा वास. आणि मधोमध लालभडक पातेल्यांमागे सूजिनची आई, बुटकी, हातात रबरी मोजे. लेकीला बघताच तिनं गिऱ्हाईक सोडलं. आधी गाल चाचपले, बारीक झालीस म्हणून रागावली असावी, आणि लगेच कात्रीनं किमचीचं पान कापून लेकीच्या तोंडात.

मग माझी पाळी. आपल्याकडे चव बघायला दुकानदार तळहातावर देतो, म्हणून मी ओंजळ पुढे केली. बाई खळखळून हसल्या, माझे हात खाली ढकलले आणि घास थेट तोंडात भरवला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं म्हणा, पण ते नुसतं तिखटाचं नव्हतं. सूजिनचा इतका हेवा वाटला की तिच्याशी धड बोलवेना.

बाईंनी काहीतरी विचारलं. सूजिननं सांगितलं, "तुझी आई तुला काय पाठवते, विचारतेय."

"काही नाही," मी फटकन म्हणाले. "रविवारी फोनवर विचारते, प्रयोग कुठवर आला, आकडे का जुळत नाहीत. बस."

सूजिननं ते भाषांतर करून सांगितलं. बाईंचा कात्रीचा हात थांबला. त्या हळू काही बोलल्या.  सूजिन पातेल्याकडे बघत म्हणाली, "आई म्हणते, माझ्या लेकीचं काम मला कळत नाही. काय विचारावं तेच समजत नाही, म्हणून खाऊ घालते." आणि मग स्वतःचं म्हणून, "रविवारी तू फोनवर आईशी प्रयोगावरून वाद घालतेस ना, तेव्हा मी खोलीचं दार लावून घेते. ऐकवत नाही मला."

 कपाळ माझं! जिच्यावर मी जळत होते ती भिंतीपलीकडे माझ्यावर जळत होती.

संध्याकाळी फोनकार्ड खरवडून नागपूरला फोन लावला. आईनं उचलल्या उचलल्या, "पेपर कसा झाला?" इतक्या वर्षांचं साचलेलं तरी उसळलंच. "आई, एकदा तरी जेवलीस का विचार ना गं!"

 आई चाचरत, दुसऱ्याच कुणाचं वाक्य म्हणावं तशी म्हणाली, "जेवलीस का?" आणि मी काही बोलण्याआधीच, "मला ते नीट जमत नाही गं. तुझा विषय कळावा म्हणून रोज थोडं वाचते. तेवढंच येतं मला."

ती वाचत होती. साठीला टेकलेली बाई, माझ्यासाठी, इंग्रजीतून.

आजही कुणाच्या घरी बरण्या उघडल्या की पोटात थोडं दुखतंच, खोटं कशाला बोलू. पण घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मला त्या दिवशी फोनवर आईला दिलेलं माझंच उत्तर ऐकू येतं, "राहू दे आई. तू पेपरचंच विचार."